बुकमार्कच्या सीएसव्ही फाइलमधली मराठी शीर्षकं बिघडत असतील तर (माझा अनुभव)

लक्षण: बंद होणाऱ्या बुकमार्क सेवेतून सगळ्या लिंका सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकुराची फाइल) उतरवल्या. एक्सेलमध्ये उघडल्यावर इंग्रजी शीर्षकं शाबूत, मराठीच्या जागी मात्र डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या इंग्रजी 'ए'ची (à) रांग. शिवाय नव्या सेवेत सगळे टॅग चिकटून एकच लांबलचक टॅग झाला.

फॉन्ट बदलला, दुसऱ्या ब्राउझरने फाइल पुन्हा उतरवली, काही फरक नाही. वर्षानुवर्षं जमवलेला ठेवा असा पाहून जीव नुसता कासावीस झाला.

फाइल धडधाकट असते. यूटीएफ-8 (अक्षरं फाइलमध्ये साठवायची पद्धत) मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं; एक्सेल ते सुटे वाचतं, म्हणून एका चिन्हाची तीन होतात. अशा अवस्थेत सेव्ह मात्र अजिबात करू नका, मूळ प्रत वेगळी ठेवा.

आता क्रमाने: फाइलवर डबल-क्लिक नको. कोरं एक्सेल उघडा, 'डेटा' टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या, फाइल निवडा. 'फाइल ओरिजिन'मध्ये '65001: युनिकोड (यूटीएफ-8)', डिलिमिटर (रकाने वेगळे करणारं चिन्ह) 'कॉमा'. खालच्या झलकीत मराठी नीट दिसली की मगच 'लोड'. मग फक्त टॅगचा रकाना निवडून कंट्रोल-एच दाबा आणि उभ्या रेघेच्या (|) जागी स्वल्पविराम घाला (माझ्या जुन्या सेवेत टॅगमध्ये उभी रेघ होती, नवीला स्वल्पविराम लागतो, तुमचं तपासा). शेवटी 'सेव्ह ॲज'मध्ये 'सीएसव्ही यूटीएफ-8'च निवडा. शेजारचा साधा 'सीएसव्ही' निवडलात तर मराठीची प्रश्नचिन्हं होतात आणि ती परत येत नाहीत.

आधी पाच-दहा ओळींची छोटी फाइल चढवून बघा, मग सगळी.