डॉक्टर व्हायचे आहे? अकरावीचे विषय निवडताना या चुका टाळा

धुळ्यापाठोपाठ २०१८ मध्ये जळगावला आणि २०२० मध्ये नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यामुळे खान्देशातील मुलांना डॉक्टरकीचे शिक्षण आपल्याच जिल्ह्यात घेणे शक्य झाले आहे. त्यासाठीची पहिली चूक मात्र दहावीच्या निकालानंतर लगेच, अकरावीचे विषय निवडताना होते.

हुशार मुलाने अवघड म्हणून जितके विषय असतील तितके सगळे घ्यावेत, असा पालकांचा आग्रह असतो आणि त्यातून जीवशास्त्राच्या जोडीला गणितही घेतले जाते. एमबीबीएसच्या प्रवेशासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान आणि इंग्रजी हे विषय लागतात. वैद्यकीय प्रवेशासाठीच्या ‘नीट’ या परीक्षेच्या ७२० गुणांपैकी ३६० गुण एकट्या जीवशास्त्राचे आहेत आणि गणिताचा स्वतंत्र पेपरच नाही. निर्णय खरोखर झाला नसेल तर गणित अवश्य ठेवावे, परंतु तो पक्का असेल तर गणिताचे तास जीवशास्त्र आणि भौतिकशास्त्राला द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

गणित सोडले म्हणजे आकडेमोडीतून सुटका झाली, हा समज त्याहून अधिक नुकसान करतो. नीटमध्ये भौतिकशास्त्राला १८० गुण आहेत आणि ग्रामीण भागातून आलेली, मराठी माध्यमात शिकलेली अनेक मुले तिथेच अडखळतात. कारण सदिश (व्हेक्टर), लॉगॅरिथम, आलेख आणि कलनाची (कॅल्क्युलस) प्राथमिक ओळख यांच्याविना गणिती उदाहरणे सुटत नाहीत. राज्य मंडळाच्या अकरावीच्या भौतिकशास्त्रातील दुसरे प्रकरण यांपैकी सदिश आणि कलन या गणिती पद्धतींचेच आहे. ते पहिल्याच महिन्यात, वही-पेन घेऊन, एकेक उदाहरण स्वतः सोडवत पूर्ण करावे. चुकीच्या उत्तराला नीटमध्ये एक गुण वजा होत असल्याने अंदाजाने उत्तर देण्याची सवयही इथेच मोडली पाहिजे.

बायफोकल, म्हणजे संगणकशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्ससारख्या व्यवसायाभिमुख, विषयात गुण सहज मिळतात म्हणून तो घेताना द्वितीय भाषा आणि एक शास्त्र विषय सोडावा लागतो. तो सुटणारा विषय जीवशास्त्र नाही ना, याची खात्री अर्जावर सही करण्यापूर्वीच करावी.

महाविद्यालयात नावापुरता प्रवेश घेऊन दोन वर्षे केवळ क्लासमध्ये घालवणे हीदेखील चूकच आहे. नीटला अकरावीचा अभ्यासक्रमही तितकाच असतो. शिवाय खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्याला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र मिळून किमान ५० टक्के, तर राखीव प्रवर्गातील विद्यार्थ्याला ४० टक्के गुण लागतात. मंडळाच्या परीक्षेत यातील प्रत्येक विषयाच्या प्रात्यक्षिकाला ३० गुण असतात, आणि प्रयोगशाळेत ज्याने सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहिली आहे, त्याला तिची आकृती पाठ करत बसावे लागत नाही.

जीवशास्त्र न घेताच बारावी झाली असेल, तरीही मार्ग आहे. बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून जीवशास्त्र उत्तीर्ण झालेल्यांनाही नीटला बसता येईल, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केले आहे. अशा विद्यार्थ्याने तुरळक विषयाच्या, म्हणजे एखादाच विषय घेऊन परीक्षेला बसण्याच्या, अर्जाबाबत आपल्या कनिष्ठ महाविद्यालयात लगेच चौकशी करावी, कारण मंडळाचे अर्ज परीक्षेच्या काही महिने आधीच बंद होतात.