भरलेली होम डिरेक्टरी नव्या पार्टिशनवर हलवताना

लग्नसराईत परभणी-अंबाजोगाईकडच्या फोटो स्टुडिओंत लिनक्सवरची /होम (युजरच्या फाइल्स असलेली डिरेक्टरी) बघता बघता भरते. नवी डिस्क लावून /होम तिकडं न्यायची तर फाइल मॅनेजरच्या कॉपी-पेस्टवर विसंबू नका. फाइल्सची मालकी आणि हार्ड लिंक (एकाच फाइलची अनेक नावं) हमखास बिघडतात. (इथं /होम सिस्टिमच्या रूट पार्टिशनवरच आहे असं धरलंय. कमांड टाइप करताना रोमन अक्षरं.)

आधी 'एलएसबीएलके' चालवून साइजवरून नवं पार्टिशन ओळखा, मग ते 'एमकेएफएस.एक्स्ट४' ने फॉरमॅट करा. चुकीच्या नावावर 'एमकेएफएस' चाललं की तिथला डेटा गेला. एक्स्ट४ फाइलसिस्टिम पाच टक्के जागा रूटसाठी (अ‍ॅडमिन युजरसाठी) राखून ठेवते, म्हणजे १ टीबीला सुमारे ५० जीबी. नुसत्या डेटाला एवढी लागत नाही. 'ट्यून२एफएस -एम १' ने कमी करा. मग पार्टिशन /एमएनटी वर माउंट करा (जोडा) आणि 'फाइंडएमएनटी' ने खात्री करा. माउंट राहून गेलं तर सगळी कॉपी जुन्याच डिस्कवर पडते आणि ती गच्च होते.

सगळ्यांना लॉगआउट करून रूट म्हणून काम करा. उबंटूत रिकव्हरी मोड सोयीचा. 'आरसिंक' या कॉपीच्या कमांडला स्मॉल ए, मग कॅपिटल एच, ए, एक्स ही अक्षरं द्या. नुसत्या स्मॉल ए मध्ये हार्ड लिंक, एसीएल (जादा परवानग्या), एक्सटेंडेड अ‍ॅट्रिब्यूट येत नाहीत. हार्ड लिंकच्या तर वेगवेगळ्या प्रती होऊन जागा जास्त लागते. पुढं '/होम/' आणि '/एमएनटी/'. पहिल्या पत्त्यातला शेवटचा स्लॅश महत्त्वाचा. तो नसला तर /एमएनटी/होम तयार होतं, नंतर ते /होम/होम दिसतं आणि लॉगिनला युजरचं फोल्डर सापडत नाही.

मध्येच लाइट गेली तर पार्टिशन पुन्हा माउंट करून तीच कमांड द्या, पूर्ण झालेल्या फाइल्स आरसिंक सोडून देतो. शेवटी त्याच कमांडला स्मॉल एन, सी, आय जोडून चालवा: यादी रिकामी आली तर कॉपी बरोबर. जागा मोजणाऱ्या 'डीयू' चे आकडे जुळले नाहीत म्हणून घाबरू नका. स्पार्स (आत रिकामी जागा असलेल्या) फाइल्समुळं फरक पडतो.

आता 'सीडी /' करा, /होम चं नाव /होम.ओल्ड करा, रिकामं /होम बनवा, /एमएनटी अनमाउंट करा. बूटला काय कुठं माउंट करायचं ते सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये /होम ची ओळ लिहिताना एसडीबी१ सारखं नाव नको, 'बीएलकेआयडी' ने दिलेला यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा स्वतःचा ओळख क्रमांकच घ्या. डिस्कची नावं बदलू शकतात. रीबूटच्या आधी 'माउंट -ए' चालवा. चूक इथंच दिसली तर बरी, नाहीतर मशीन इमर्जन्सी मोडमध्ये अडकतं.

रूटवरची जागा /होम.ओल्ड काढल्यावरच मोकळी होईल. आठवडाभर सगळं नीट चाललं की काढा.