यूआय कंपोनंटसाठी डिझाइन पॅटर्न निवडताना या चुका टाळा

पॅटर्नचं (कोडमधल्या नेहमीच्या प्रश्नावरच्या ठरलेल्या साच्याचं) नाव आधी ठरवायचं आणि मग कंपोनंट (बटण, टेबल असा स्क्रीनवरचा घटक) त्यात बसवायचा, या सवयीतून यूआयचे, म्हणजे वापरणाऱ्याला दिसणाऱ्या भागाचे, बरेच बग येतात. आधी एवढंच विचारा: या कंपोनंटमध्ये उद्या काय बदलणार आहे? दिसणं, कृती, डेटा की अवस्था? उदाहरणं जावाच्या स्विंग या यूआय लायब्ररीची घेतली आहेत, कारण तिथे हे पॅटर्न लायब्ररीतच वापरलेले आहेत.

प्रत्येक फरकासाठी नवा सबक्लास

टेक्स्टफिल्डला चौकट, लोडिंगचा पडदा आणि चुकीची खूण अशा तीन ऐच्छिक गोष्टी हव्या असतील, तर सबक्लास (मूळ क्लासवरून बेतलेले क्लास) काढत गेल्यास 8 प्रकार होतात. चौथी गोष्ट आली की 16. म्हणून इनहेरिटन्स, म्हणजे सबक्लासचा मार्ग, नको, हे बरोबर. पण लगेच हाताने डेकोरेटर (मूळ कंपोनंटला गुंडाळणारा रॅपर) लिहिला तर नवा घोळ होतो. रॅपर हा वेगळा कंपोनंट असतो. फोकस आतल्या फिल्डकडे राहतो, इव्हेंटचा सोर्स आतलाच ऑब्जेक्ट येतो, आणि रॅपर पॅनेलवर सेटएनेबल्ड(फॉल्स) केलं तरी आतल्या फिल्डमध्ये टाइप करता येतं.

फक्त चौकट बदलायची असेल तर सेटबॉर्डर पुरेसं आहे, ती स्ट्रॅटेजीच आहे (एक भाग बाहेरून बदलता येण्याचा पॅटर्न). पडदा टाकायचा असेल तर जावा 7 पासून आलेला जेलेयर (कंपोनंटवर थर टाकणारा क्लास) घ्या. मात्र पडदा रंगवला म्हणून क्लिक अडत नाहीत. त्यासाठी इन्स्टॉलयूआयमध्ये सेटलेयरइव्हेंटमास्क लावून माऊस आणि कीबोर्डचे इव्हेंट कन्झ्यूम करावे, म्हणजे तिथेच अडवावे, लागतात.

एकाच कृतीला तीन लिसनर

‘सेव्ह’ मेनूत, टूलबारवर आणि शॉर्टकटवर. तिघांना वेगळे अ‍ॅक्शनलिसनर (क्लिक झाल्यावर चालणारा कोड) दिले, की मेनू बंद होतो आणि टूलबारचं बटण चालूच राहतं. इथे कमांड पॅटर्न (कृतीचंच एक ऑब्जेक्ट) हवा, म्हणजे स्विंगमध्ये अ‍ॅब्स्ट्रॅक्टअ‍ॅक्शन. एकच ऑब्जेक्ट मेनूला आणि बटणाला द्या. अ‍ॅक्शनवर सेटएनेबल्ड(फॉल्स) केलं की दोन्ही एकदम बंद होतात. अ‍ॅक्सिलरेटर की (शॉर्टकट) मेनूआयटम वाचतो, जेबटन वाचत नाही. मेनू नसलेल्या खिडकीत तोच शॉर्टकट इनपुटमॅप आणि अ‍ॅक्शनमॅपमध्ये वेगळा नोंदवा.

टेबलचा रेंडरर म्हणजे सेल, हा गैरसमज

या चुकीत सर्वांत जास्त वेळ वाया जातो. 10,000 ओळींचा कॉलम एकच रेंडरर (सेल रंगवणारं) ऑब्जेक्ट रंगवतं. ही फ्लायवेटची कल्पना आहे: शिक्का एक, ठसे अनेक. ऋण रक्कम लाल दाखवायची म्हणून डिफॉल्टटेबलसेलरेंडररमध्ये आधी सुपरची (मूळ क्लासची) मेथड बोलावतात आणि मग ‘रक्कम शून्याखाली असेल तर सेटफोरग्राउंड लाल’ एवढंच लिहितात. पहिली ऋण रक्कम आली की त्यानंतर रंगणाऱ्या धन रकमाही लाल होतात. कारण सेटफोरग्राउंड तो रंग रेंडररमध्ये साठवतं आणि पुढच्या सेललाही तोच लावतं. वर स्क्रोल केलं की आधीच्या ओळीही रंग बदलतात, आणि माणूस डेटात चूक शोधत बसतो.

उपाय असा: मेथडच्या प्रत्येक कॉलमध्ये दोन्ही बाजू लिहा. एल्समध्ये ओळ निवडलेली असेल तर टेबलचा सिलेक्शनफोरग्राउंड, नसेल तर टेबलचा फोरग्राउंड. टूलटिप, आयकॉन यांनाही हाच नियम. रेंडररमध्ये जेबटन ठेवून ‘क्लिक होत नाही’ ही तक्रारही इथलीच. ते फक्त चित्र असतं, क्लिक हवा असेल तर सेलएडिटर लागतो.

ऑब्झर्व्हर जोडला, काढला नाही

ऑब्झर्व्हर म्हणजे दुसऱ्यातला बदल ऐकणारा लिसनर. मॉडेल (डेटा सांभाळणारं ऑब्जेक्ट) अ‍ॅप्लिकेशनभर जगतं, डायलॉग मिनिटभर. डायलॉग डिस्पोज केला तरी मॉडेलच्या यादीत त्याचा लिसनर राहतो आणि डायलॉग मेमरीतून सुटत नाही. खूण ओळखणं सोपं आहे: डायलॉग पाच वेळा उघडून बंद करा, मग मॉडेल एकदा बदला. हँडलर पाच वेळा चालला तर गळती आहे.

अ‍ॅडनोटिफायमध्ये सुपरला बोलावून लिसनर जोडा, रिमूव्हनोटिफायमध्ये काढा. लॅम्डा (लिसनर म्हणून दिलेलं निनावी फंक्शन) क्लासच्या एका फिल्डमध्ये ठेवा. काढताना तोच लॅम्डा पुन्हा लिहिला तर ते वेगळं ऑब्जेक्ट ठरतं, काहीच निघत नाही आणि एररही येत नाही. लिसनर कोणत्या क्रमाने चालतील, यावरही काही बेतू नका.

दुसरा सापळा डॉक्युमेंटलिसनरचा (मजकूर बदलल्याचं ऐकणारा). टाइप केलेला मजकूर तिथल्या तिथे कॅपिटल करायला गेलात तर ‘अटेम्प्ट टू म्यूटेट इन नोटिफिकेशन’ हे एक्सेप्शन येतं. बरेच जण बदल इन्व्होकलेटरमध्ये (कोड थोड्या वेळाने चालवणारी मेथड) ढकलतात. एक्सेप्शन जातं, पण त्या बदलाने लिसनर पुन्हा जागा होतो, आणि अट नीट नसेल तर फेरा थांबत नाही. ऑब्झर्व्हरचं काम झालेला बदल ऐकण्याचं. मजकूर आत जाण्याआधी बदलायचा असेल तर डॉक्युमेंटफिल्टर वापरा.

बूलियनची रांग

लोडिंग, एरर, रिकामी यादी यांना तीन बूलियन (हो/नाही अशा किमती) दिले की 8 जोड्या होतात. त्यांतल्या चारच खऱ्या: तीन त्या आणि चौथी ‘डेटा आला’. लोडिंग आणि एरर एकत्र दिसले की समजा, उरलेल्यांपैकी एक जोडी लागली. चार किमतींचा एनम (ठरलेल्या किमतींचा प्रकार) आणि एका वेळी एकच पॅनेल दाखवणाऱ्या कार्डलेआउटचे चार पॅनेल यात काम भागतं. प्रत्येक अवस्थेत क्लिक, ड्रॅग, की-प्रेस यांचं वागणं खरोखर वेगळं असेल, जसं चित्र काढण्याच्या टूलमध्ये असतं, तरच स्टेट पॅटर्नचे वेगळे क्लास लिहा.