बारेंट्सची पाटी कशी पाहावी

अ‍ॅमस्टरडॅम सेंट्रल स्टेशनातून बाहेर पडलात की आय नावाचं पाणी उजव्या हाताला ठेवून पश्चिमेकडे चालत सुटा. वारा बोचतो, कानटोपी विसरू नका. डच दर्यावर्दी विलेम बारेंट्सच्या नावाच्या बारेंट्सप्लाइन या चौकात पोचलात की मान वर करा. गडद निळी पाटी, पांढरी अक्षरं. बस्स, एवढंच. पुतळा शोधत बसू नका. पहिल्या खेपेला मी तोच वेडेपणा केला.

आधी पाटीवरचं स्पेलिंग नीट बघा. शेवटचे एस-झेड म्हणजे ‘झोन’, मुलगा. बारेंटचा मुलगा विलेम, आपल्याकडच्या वडिलांच्या नावासारखंच.

फोटो समोरून काढाल तर पाटी चमकेल आणि अक्षरं गायब. दोन पावलं बाजूला सरका, तिरका काढा. आजूबाजूच्या पाट्याही वाचा: टास्मान, हाउटमान, सगळे दर्यावर्दीच.

सोबत कुणी असेल तर बारेंट्सची गोष्ट तिथेच सांगा. १५९६ साली ईशान्येकडून चीनला जायची वाट शोधताना जहाज रशियाच्या उत्तरेकडच्या नोवाया झेमल्या बेटांपाशी बर्फात अडकलं. सतरा जणांनी वाहून आलेल्या ओंडक्यांचं घर बांधून हिवाळा काढला. जूनमध्ये उघड्या होड्यांतून परत निघाले, आणि आठवड्याभरातच बारेंट्स वाटेतच वारला. बारा जण घरी पोचले.

पाय दुखत नसतील तर तसेच रायक्सम्युझियम गाठा. त्या घरातल्या वस्तू तिथे आहेत. १८७१ मध्ये सापडल्या, पावणेतीनशे वर्षांनी.