कोजागिरीचा चंद्र उगवताना पकडायचाय? आधी टाइम झोन वाचा

कोजागिरीला नागपुरात गच्चीवर दुर्बीण किंवा कॅमेरा लावून चंद्र क्षितिजावरून वर येताना बघायचा असेल, तर निम्मी तयारी आठवडाभर आधी सॉफ्टवेअरवर उरकलेली असावी. बॅटरी, ट्रायपॉड, मसाला दूध या गोष्टी कुणी सांगायला नकोत. सांगायची गोष्ट म्हणजे टाइम झोन. सगळं नीट असूनही चंद्र निसटतो तो बहुतेक वेळा याच एका रकान्यामुळे, आणि नेमका हाच रकाना कोणी उघडून बघत नाही.

आधी जागा टाका. स्टेलॅरियम हे आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि या कामाला पुरेसं आहे. त्यात एफ ६ दाबलं की जागेची खिडकी उघडते. नागपूरचे अक्षांश २१.१५ उत्तर, रेखांश ७९.०९ पूर्व. हे दशांशात आहेत. २१.१५ म्हणजे २१ अंश ९ मिनिटं, २१ अंश १५ मिनिटं नव्हे. रेखांशाच्या मागे चुकून उणे चिन्ह लागलं तर तुम्ही क्युबाच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या समुद्रात जाऊन बसाल. बाकी झिरो माईल की हिंगणा, यावर डोकं शिणवू नका. दहा किलोमीटर पूर्व-पश्चिम सरकलात तरी अर्ध्या मिनिटाचाही फरक पडत नाही.

त्याच खिडकीत खाली टाइम झोन आहे. तिथे 'आशिया/कोलकाता' लिहिलेलं आहे का ते वाचा. अंदाजाने धरून चालू नका, वाचा. जागा बदलली की टाइम झोन आपोआप बदलतो, पण कधीकाळी कुणी 'कस्टम' टाइम झोनवर टिक करून ठेवली असेल तर तो बदलत नाही. मग वर नागपूर दिसतं आणि घड्याळ भलत्याच गावाचं चालतं. त्या यादीत 'एलएमएसटी' नावाचा पर्यायही असतो. तो स्थानिक मध्यम वेळ दाखवतो. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, नागपूर ७९.०९ वर; फरक ३.४१ अंशांचा, दर अंशाला चार मिनिटं. म्हणजे ही वेळ तुमच्या मनगटी घड्याळाच्या साडेतेरा मिनिटं मागे राहते.

साडेपाच तासांची चूक कुणाच्याही लक्षात येते. कोजागिरीचा चंद्र दुपारी बारा वाजता उगवताना दिसला की माणूस ताबडतोब यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, आपल्या साडेपाच तास मागे) शोधतो. घात करते ती बारा-पंधरा मिनिटांची चूक, कारण आकडा खरा वाटतो. एलएमएसटी ही एक. दुसरी म्हणजे हाताने फरक टाकताना ५.५ ऐवजी ५.३ लिहिणं. साडेपाच तास दशांशात ५.५ होतात, ५.३ म्हणजे पाच तास अठरा मिनिटं, बारा मिनिटं गेली. स्प्रेडशीटमध्ये नासाच्या जेपीएल होरायझन्स या सेवेचा ग्रहस्थितीचा तक्ता घेतला असेल तर तो मुळात यूटीमध्ये, म्हणजे जागतिक वेळेत असतो, त्यात ५.५ भागिले २४ मिळवा, कारण स्प्रेडशीट वेळ दिवसांत मोजते. तिसरी चूक विंडोजमध्ये होते. तिथे आपल्या ओळीत चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली असं लिहिलेलं असतं, नागपूर सापडत नाही, आणि घाईत जवळच्या काठमांडूच्या ओळीवर क्लिक होतं. काठमांडू ५:४५ वर आहे. पंधरा मिनिटं गेली. 'वेळ आपोआप लावा' चालू असलं तरी ही चूक सुधारत नाही. त्याने घड्याळ जुळतं, टाइम झोन नाही. बारा मिनिटांत चंद्र जवळजवळ पावणेतीन अंश चढतो, म्हणजे स्वतःच्या रुंदीच्या पाचपटीहून जास्त. तुम्ही लेन्स लावेपर्यंत तो समोरच्या टाकीच्या वर गेलेला असतो.

यावर खात्रीची परीक्षा आहे, आणि ती वर्षात केव्हाही करता येते. एफ ५ दाबून तारीख २६ मे आणि वेळ दुपारी १२:१० टाका, मग सूर्यावर क्लिक करून त्याची उंची बघा. २६ मे हा नागपूरचा शून्य सावलीचा दिवस. सूर्य बारा वाजून दहा-अकरा मिनिटांनी अगदी डोक्यावर येतो, उंची ९० अंशांना टेकते. ती ८७ च्या आसपास दिसली तर थांबा. मिनिटं पुढे-मागे करून उंची कधी सर्वांत जास्त होते ते शोधा. ११:५७ ला झाली तर एलएमएसटी लागलंय. ११:५८-५९ ला झाली तर ५.३ टाकलंय. १२:२५ म्हणजे काठमांडू. १२:३५ म्हणजे टाइम झोन बरोबर आहे पण जागा मुंबईची राहिली आहे. १:१० म्हणजे 'डेलाइट सेव्हिंग' वर टिक आहे. ती काढा, भारतात घड्याळ पुढे-मागे होत नाही. सकाळचे ६:४० म्हणजे सरळ यूटीसी. ही परीक्षा लॅपटॉपवर करा, मोबाईलवर करा, ज्या ज्या ॲपचा आकडा वापरणार आहात त्या प्रत्येकावर करा. मिहानमधल्या कंपनीचा लॅपटॉप अमेरिकेच्या वेळेवर ठेवलेला असेल तर त्यावर दोनदा करा. सॉफ्टवेअर नवीन केलं, जागा बदलली, मशीन बदललं, की पुन्हा करा. परीक्षा झाली की तारीख परत आजची लावायला विसरू नका. ८ दाबलं की होते.

छापील दिनदर्शिकेशी ताळा करणार असाल तर ती कुठल्या गावासाठी छापली आहे ते बघा. मुंबईचा चंद्रोदय नागपूरच्या सुमारे पंचवीस मिनिटं नंतर असतो. संकष्टीला ज्यांच्या घरी चंद्र बघून उपास सुटतो त्यांना हे ठाऊक असतं, पण सॉफ्टवेअरचा आकडा दिनदर्शिकेशी जुळला नाही की तीच माणसं टाइम झोन हलवत बसतात. हलवू नका. २६ मे ची परीक्षा पास झाली असेल तर टाइम झोनला हात लावायचा नाही.

मग क्षितिज. स्टेलॅरियम पहिल्यांदा उघडल्यावर जी झाडं-घरं दिसतात ती फ्रान्समधल्या एका गावाची आहेत, तुमच्या गच्चीसमोरची नव्हेत. एफ ४ मध्ये जाऊन सपाट क्षितिज निवडा. वातावरण मात्र चालूच ठेवा. हवेमुळे क्षितिजावरचा चंद्र ३४ कला (अंशाचे साठावे भाग), म्हणजे अर्ध्या अंशाहून जरा जास्त, उचललेला दिसतो. 'ए' दाबून ते बंद केलंत तर दोन-अडीच मिनिटांचा फरक पडतो. आता समोरची इमारत. तीनशे मीटरवर तुमच्या गच्चीपेक्षा पन्नास फूट उंच इमारत असेल तर ती तीन अंश झाकते, आणि चंद्र तिच्या माथ्यावर यायला अधिकृत चंद्रोदयानंतर तेरा-चौदा मिनिटं लागतात. हा उशीर वहीत वेगळा लिहा. तो बघून टाइम झोनवर संशय घेऊ नका. ऑक्टोबरच्या धुरकट हवेत पहिला एक-दोन अंश चंद्र असाही दिसत नाही.

दिशा. कोजागिरीचा चंद्र पूर्वेला किंवा पूर्वेपासून थोडा उत्तरेकडे उगवतो, दिगंश (उत्तरेपासून पूर्वेकडे मोजलेला कोन) साधारण ७० ते ९० च्या दरम्यान. नेमका आकडा सॉफ्टवेअरवरून घ्या. त्या दिशेला काय आहे ते आदल्या संध्याकाळी गच्चीवर उभं राहून बघा. मोबाईलचा कंपास लोखंडी कठड्याजवळ आणि टाकीच्या अँगलजवळ भरकटतो. गच्चीच्या मध्यावर येऊन वापरा. फुटाळा आणि अंबाझरी तलावांची चौपाटी सूर्यास्ताला छान, पण तिथून पाणी पश्चिमेला आहे. चंद्रोदयासाठी तिथे गर्दीत जाऊन उपयोग नाही. पौर्णिमेच्या पहाटे मावळता चंद्र मात्र पाण्यावर मिळतो. चंद्र एखाद्या कळसाएवढा दिसावा असं वाटत असेल तर कळसाच्या रुंदीच्या सुमारे ११० पट दूर उभं राहायचं. दोन मीटरला सव्वादोनशे मीटर.

उजेड. सूर्यास्तानंतर नागपुरात बावीस-तेवीस मिनिटं कामापुरता संधिप्रकाश असतो. चंद्र आणि इमारती दोन्ही नीट येतात ते तेवढ्यातच. वर आलेल्या पूर्ण चंद्राला कॅमेऱ्याचं ॲपर्चर एफ/११, आयएसओ १००, १/१०० सेकंद. क्षितिजाजवळ दोन-तीन स्टॉप जास्त (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट).

कॅमेऱ्याचं घड्याळ. त्याच्या मेन्यूत टाइम झोन वेगळा असतो, तोही वाचा. ढगांसाठी उपग्रहाचं चित्र बघाल तेव्हा कोपऱ्यातली वेळ यूटीसी आहे की आपली, तेही वाचा, नाहीतर साडेपाच तासांपूर्वीचं निरभ्र आकाश बघून खुश व्हाल.

परदेशातल्यांना व्हिडिओ कॉल करायचा असेल तर 'ईएसटी' (न्यूयॉर्कची हिवाळी वेळ) वगैरे लिहू नका, शहराचं नाव टाका. न्यूयॉर्क ऑक्टोबरात आपल्या साडेनऊ तास मागे असतं, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून साडेदहा. लंडन आठवडाभर आधीच, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं. आपल्याकडे पावणेसहाला चंद्र उगवेल तेव्हा न्यूयॉर्कला सकाळचे सव्वाआठ. त्यांचा चंद्र बघायचा तर आपल्याला पहाटे साडेतीनला उठायचं.

टॉर्च, डासांची उदबत्ती, सतरंजी. चंद्रोदयाच्या वीस मिनिटं आधी सगळं लावून तयार. आणि दुपारी, वर जायच्या आधी, एफ ६.