पऱ्हाटीचा बायोचार: भट्टी पेटवण्याआधी दर्जाचे नियम ठरवा

कापसाची उलंगवाडी (शेवटची वेचणी) झाली की पऱ्हाटी (कपाशीची झाडं) शेतात उभी ठेवू नका. फरदड घेतली, म्हणजे त्याच झाडांना पुन्हा बोंडं धरू दिली, तर गुलाबी बोंडअळीला आयतं खाणं मिळतं, आणि उपटून धुऱ्यावर रचून ठेवली तरी किडक्या कवड्यांत (न उमललेल्या बोंडांत) अळी सुप्तावस्थेत टिकते. पऱ्हाटीचा बायोचार, म्हणजे कमी हवेत भाजून मातीत मिसळायचा कोळसा, केला तर अळी संपते आणि उघड्यावर जाळून हवेत जाणारा बराचसा कार्बन मातीत राहतो. एकरी साधारण टनभर वाळली पऱ्हाटी निघते. नीट भाजली तर तिचा दोन-अडीच क्विंटल बायोचार होतो. घरच्या चुलीपुरती पऱ्हाटी आधी बाजूला काढा, मग हिशेब करा.

गट करून विकायचा विचार असेल तर दर्जाचे नियम आधीच लेखी ठरवा. माल तयार झाल्यावर ठरवलेला दर्जा हा घेणाऱ्याच्या सोयीचा असतो. ओलाव्यावरून काट्यावर काय होतं हे कापूस-सोयाबीनवाल्यांना सांगायला नको. तरी तिथे निदान आकडा ठरलेला आहे: हमीभावाच्या कापसाला ८ टक्के ओलावा धरतात आणि १२ टक्क्यांपर्यंत त्या प्रमाणात भाव कमी होतो. बायोचारच्या व्यवहारातही असा आकडा कागदावर हवा.

ओलाव्याचा नियम सगळ्यात आधी करा, कारण भट्टी पाण्यानं विझवतात आणि विझवलेला माल भरपूर पाणी धरतो. भाव कोरड्या वजनावरच ठरवा. वेगवेगळ्या पोत्यांतून मिळून एक किलो माल घ्या आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत पत्र्यावर कडक उन्हात वाळवा. ६५० ग्रॅम भरला तर ओलावा ३५ टक्के, म्हणजे क्विंटलभर मालाचे ६५ किलोचे पैसे. ही मोजणी दोन्ही बाजूंसमोर, एकाच काट्यावर व्हावी. मग वेगळा कडता (वजनातली कपात) कापायचं कारण उरत नाही, आणि पाणी मारून वजन वाढवण्यातही फायदा राहत नाही. बाकीचा माल मात्र ओलसरच ठेवा. आत राहिलेला एखादा निखारा रातोरात अख्खी थप्पी पेटवतो.

दर्जा घडतो तो भट्टीत. पऱ्हाटी उपटल्यावर मुळांची माती झटका. काळ्या जमिनीची ढेकळं मुळांना घट्ट धरून बसतात आणि पुढे मालाच्या वजनात शिरतात. काडी कडकन मोडेल इतकी वाळलेली हवी. शंकूच्या आकाराच्या उघड्या भट्टीत आग वरून लावा आणि वरच्या काड्यांवर पांढरी राख धरू लागली की पुढचा थर टाका. ज्वाळ सलग राहिली तर धूर तिच्यातच जळतो. सतत धूर ओकणारी भट्टी नापास, हा नियम मी यादीत अगदी वर लिहीन. त्या धुरातून मिथेन जातो, भट्टीवर काम करणाऱ्या बायामाणसांच्या छातीत धूर भरतो आणि मालात डांबर उरतं. ठिबकच्या नळ्या, मल्चिंगचं प्लास्टिक, खताच्या रिकाम्या बॅगा, रंगवलेलं लाकूड यातलं काहीही भट्टीत जाता कामा नये.

चांगला माल हाताला कळतो. काडी मोडली तर आतपर्यंत काळी हवी, तपकिरी गाभा नको. तुकडे पत्र्यावर टाकले तर खणखणतात. बोटांवर चोळलेली भुकटी साध्या पाण्यानं निघते. चिकट लागली, साबणाशिवाय निघेना, तर डांबर आहे समजा. शिवाय एका कुंडीत नुसती माती आणि दुसरीत बायोचार मिसळलेली माती घेऊन दोन्हीत मोजून मूग टाका. दुसरीत उगवण स्पष्ट कमी दिसली तर तो माल शेतात नको.

प्रयोगशाळेची तपासणीही लागते, पण तिचा खर्च एकेका शेतकऱ्याच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. २०१२ पासूनच्या युरोपियन बायोचार सर्टिफिकेटमध्ये हायड्रोजन आणि सेंद्रिय कार्बन यांच्या अणूंचं गुणोत्तर ०.७ पेक्षा कमी असावं लागतं, कारण तसा कार्बन जमिनीत दीर्घकाळ टिकतो. हे घरी मोजता येत नाही. म्हणून एकाच पद्धतीनं केलेला गटाचा माल एक लॉट धरा. माती परीक्षणासाठी ढिगाचे चार भाग करत नमुना काढतो तसाच काढा आणि तीन पुड्या सील करा: एक गटाकडे, एक घेणाऱ्याकडे, तिसरी वाद झालाच तर उघडायला दोघांना मान्य असलेल्या माणसाकडे. तपासणीचे पैसे कार्बन क्रेडिट (मातीत राहिलेल्या कार्बनचं विकता येणारं प्रमाणपत्र) विकणाऱ्यानं द्यावेत. एक किलो कार्बन म्हणजे ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड, असा त्याचा हिशेब असतो. त्यातला गटाचा वाटा किती आणि कधी मिळणार, हे मराठीत लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.

स्वतःच्या शेतासाठी करत असाल तर मुरमाड, हलक्या जमिनीत आधी वापरा. आपली काळी जमीन मुळातच अल्कधर्मी आणि बायोचारही तसाच, त्यामुळे भारी जमिनीत टाकण्याआधी दोन्हींचा सामू (पीएच) आणि क्षारता तपासून घ्या. खारपाणपट्ट्यात भट्टी खाऱ्या पाण्यानं विझवू नका, क्षार मालात उतरतात. कोरा बायोचार सुरुवातीला पिकाचं नत्र धरून ठेवतो; महिनाभर शेणखतात मुरवूनच पेरणीआधी टाका.

नापास ठरलेला माल कारण लेखी देऊन परत मिळाला पाहिजे, हेही करारात घाला. अर्धवट भाजला म्हणून परत आला असेल तर वाळवून पुढच्या भट्टीत थरांमध्ये टाकता येतो.