सोसायटीतला ओला कचरा आवारातच जिरवायचा असेल तर

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत ४० बिऱ्हाडं, रोजचा ओला कचरा वीसेक किलो. त्यातली केळ्याची सालसुद्धा आता गेटबाहेर जात नाही.

खताचा हौद बांधायच्या आधी रोज कचरा उचलणाऱ्या ताईंशी बोला. कुठल्या मजल्यावरून सगळं कालवलेलं येतं, हे कमिटीपेक्षा त्यांना नेमकं ठाऊक असतं. पुण्यात १९९३ मध्ये 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, त्यातूनच पुढे त्यांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आली. या कामातली खरी जाणकार मंडळी तीच. खताचं काम ताईंनाच द्या, पण त्याचे पैसे वेगळे ठरवा. हौदाशेजारी नळ आणि साबण हवाच. आमच्याकडे पहिलं वर्षभर नळ नव्हता, ताई झाडांच्या बादलीत हात धूत. मला त्याची अजून लाज वाटते.

हौद दोन बांधा: दहा फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट उंच. विटांमध्ये फटी सोडा, वर पत्रा टाका. तळाला काटक्या नि करवंट्या, त्यावर वीतभर पालापाचोळा, मग ओला कचरा, आणि लगेच पुन्हा पाला. वरून ओलं दिसता कामा नये. सुरुवातीला आंबट ताक शिंपडा.

पाला उन्हाळ्याच्या तोंडावरच पोत्यांत भरून ठेवा. पूर्वी आम्ही तो कोपऱ्यात जाळायचो, आणि मग पावसाळ्यात मूठभर सुकं पान मिळायचं नाही.

ओल मुठीत कळते. लाडू वळला पाहिजे, पण बोटांतून पाणी येता कामा नये. पाणी आलं तर पाला वाढवा, भुरभुरलं तर पाणी शिंपडा. एकदा गणपतीत उरलेला वरणभात आम्ही एकदम ओतला आणि वास दुसऱ्या मजल्यापर्यंत गेला. ताईंनी सगळं उपसलं, दोन पोती पाला कालवला. दोन दिवसांत वास गेला. अळ्या दिसल्या तर फिनेल ओतू नका, त्या कचराच खातात.

आठवड्यातून एकदा फावड्याने वरखाली करा. आतून वाफ आली की समजा, काम चाललंय. एक हौद भरला की दुसरा सुरू करा. तीनेक महिन्यांनी काळं, मातीच्या वासाचं खत तयार होतं. ते चाळा. चाळणीवर उरलेला जाडाभरडा चुरा फेकू नका, पुढच्या हौदाचं विरजण तेच.